न दिलेल्या व्याजाचा हिशेब : मुद्दलात मिसळणारे व्याज आणि छोट्या कंपनीची आर्थिक प्रकृती

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते (कर्जरोखे) आणि हिशेबाची कागदपत्रे जाळली आणि पुढे ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील इतर गावांतही पोहोचले. त्या असंतोषामागे अनेक कारणे होती. त्यांपैकी एक कारण आजच्या उद्योजकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे : व्याज थकले की ते मुद्दलात धरून वाढीव रकमेचे नवे खत लिहून घेण्याची रीत. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साहाय्य कायदा झाला, त्याने न्यायालयाला खतावर लिहिलेल्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा हिशेब मुळापासून उकलण्याचा आणि मुद्दल व व्याज यांची खाती वेगळी मांडण्याचा अधिकार दिला.

आज खासगी कर्ज देणारे फंड आणि बिगर-बँक वित्तसंस्था छोट्या व मध्यम कंपन्यांना जे कर्ज देतात, त्यात कधी कधी व्याजाचा काही भाग, तर कधी संपूर्ण व्याज, रोखीत न घेता मुद्दलात मिळवले जाते. त्याला ‘पेमेंट-इन-काइंड’ किंवा थोडक्यात ‘पीआयके’ व्याज म्हणतात. फंड म्हणजे जुना सावकार नव्हे, आणि करारावर सही करणारा उद्योजकही नाडलेला कुणबी नव्हे, दोन्ही बाजूंना वकील असतात. तरीही यंत्रणा तीच आहे, आणि १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाकडून जे काम करून घेतले ते आता कंपनीच्या मालकाला स्वतःच करावे लागते. हा लेख त्यासाठी आहे. कंपनीचा संचालक, तिचे हिशेब पाहणारा लेखापाल, अल्प हिस्सा असलेला भागधारक किंवा तिला उधारीवर माल देणारा पुरवठादार, यांपैकी कोणालाही पुढील पायऱ्या वापरता येतील.

मुळात हे व्याज कसे चालते

नेहमीच्या कर्जात व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला बँक खात्यातून जाते. पीआयके व्याजात त्या दिवशी खात्यातून काहीही जात नाही, तेवढ्या रकमेने कर्ज वाढते, आणि पुढच्या कालावधीचे व्याज त्या वाढलेल्या कर्जावर मोजले जाते. काही करारांत रोख भाग आणि साचणारा भाग दोन्ही असतात. काहींत दर तिमाहीला रोखीत द्यायचे की मुद्दलात मिळवायचे हे ठरवण्याची मुभा कर्जदाराला असते, त्याला ‘टॉगल’ म्हणतात, आणि ती मुभा वापरली की व्याजदर सहसा थोडा वाढतो.

ही पद्धत मोठ्या व्यवहारांतून छोट्यांकडे झिरपली. अमेरिकेत १९८९ साली केकेआर या गुंतवणूक संस्थेने आरजेआर नॅबिस्को ही कंपनी सुमारे २५ अब्ज डॉलरना घेतली, तेव्हा पैशांच्या जुळणीत अशा रोख्यांचा वापर झाला होता, आणि पुढच्याच वर्षी त्या रोख्यांच्या अटींमुळे केकेआरला नव्याने भांडवल घालून कर्जाची फेररचना करावी लागली. एवढ्या मोठ्या खरेदीदाराकडे घालायला भांडवल होते. छोट्या कंपनीच्या प्रवर्तकाकडे बहुधा राहते घर असते, आणि तेही आधीच तारण असते.

पहिली पायरी : कागदपत्रांत हे व्याज ओळखणे

करारात ‘पीआयके’ हा शब्द असेलच असे नाही. आपल्याकडे तो बहुधा नसतोच. त्याऐवजी पुढील रूपे आढळतात. डिबेंचरवर (कंपनीच्या कर्जरोख्यावर) कूपन, म्हणजे ठरलेले व्याज, कमी ठेवून मुदतीअखेर ‘रिडेम्प्शन प्रीमियम’, म्हणजे मुद्दलावर जादा रक्कम, देण्याची अट असेल, तर तो प्रीमियम म्हणजे साचवलेले व्याजच होय. ‘धनकोला अमुक टक्के आयआरआर मिळेल एवढी रक्कम’ परतफेडीच्या दिवशी द्यावी, असे कलम असेल (धनको म्हणजे कर्ज देणारा, आयआरआर म्हणजे त्याला मिळणारा वार्षिक चक्रवाढ परतावा), तर रोखीत दिलेले व्याज आणि त्या टक्केवारीतील फरक दरवर्षी चक्रवाढीने वाढत असतो. ‘मोरेटोरियम’ या शब्दाजवळ तर नेहमीच थांबावे, कारण हप्ता पुढे ढकलला म्हणजे व्याज थांबले असा समज अजूनही सर्रास आढळतो.

बँकांच्या व्यवहारात याच प्रकाराला ‘फंडेड इंटरेस्ट टर्म लोन’, म्हणजे एफआयटीएल, असे नाव आहे. कर्जाची फेररचना करताना थकलेल्या व्याजाचे वेगळे मुदत कर्ज केले जाते. कोविडच्या काळात लाखो छोट्या उद्योगांनी याचा अनुभव घेतला. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, आणि खेळत्या भांडवलावरील साचलेल्या व्याजाचे एफआयटीएल करून ते ३१ मार्च २०२१ पर्यंत फेडण्याची सवलत बँकांना देऊ दिली. ‘व्याजावर व्याज’ घेऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयात लढाई झाली. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ आणि सरळ व्याजातील फरक भरून देण्याची योजना आणली, आणि २३ मार्च २०२१ च्या निकालाने सर्वच कर्जदारांना त्या काळातील व्याजावरच्या व्याजातून मोकळे केले.

या लढाईत किती पैसे पणाला होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ५० लाखांच्या कर्जावर १२ टक्के दराने सहा महिन्यांचे सरळ व्याज ३ लाख रुपये होते. दरमहा चक्रवाढ धरली तर ते सुमारे ३ लाख ७ हजार ६०० होते. या लढाईतून वाचले ते साडेसात हजारांच्या आसपास. उरलेले ३ लाख देणे होतेच. वर्तमानपत्रांतील मथळे मात्र त्या साडेसात हजारांविषयी होते.

कागद वाचताना चार गोष्टी स्वतंत्र कागदावर उतरवून घ्याव्यात : साचणाऱ्या व्याजाचा दर किती, चक्रवाढ किती महिन्यांनी होते, रोख व्याज मूळ मुद्दलावर मोजले जाते की वाढलेल्या मुद्दलावर, आणि सारी रक्कम कोणत्या दिवशी व कोणत्या घटनेने देय होते. यांतील तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. त्याची किंमत पुढच्या पायरीत दिसेल.

दुसरी पायरी : स्वतःचा तक्ता मांडणे

धनकोने दिलेल्या तक्त्यावर अवलंबून राहू नये, तो पडताळण्यासाठी ठेवावा. उदाहरणासाठी सुटे भाग तयार करणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिने ५ कोटी रुपये, म्हणजे ५०० लाख, पाच वर्षांसाठी घेतले आहेत. व्याज एकूण १६ टक्के असून त्यातील १० टक्के रोखीत द्यायचे आणि ६ टक्के मुद्दलात मिळवायचे आहेत. चक्रवाढ वार्षिक आहे आणि रोख व्याज वाढत्या मुद्दलावर मोजले जाते. पुढील आकडे लाख रुपयांत आहेत, आणि तक्ता सोपा राहावा म्हणून टीडीएस, म्हणजे व्याज देणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरायचा कर, सध्या बाजूला ठेवला आहे.

| वर्ष | सुरुवातीचे मुद्दल | रोख व्याज | साचलेले व्याज | अखेरचे मुद्दल |
|---|---|---|---|---|
| १ | ५००.० | ५०.० | ३०.० | ५३०.० |
| २ | ५३०.० | ५३.० | ३१.८ | ५६१.८ |
| ३ | ५६१.८ | ५६.२ | ३३.७ | ५९५.५ |
| ४ | ५९५.५ | ५९.६ | ३५.७ | ६३१.२ |
| ५ | ६३१.२ | ६३.१ | ३७.९ | ६६९.१ |

साचलेले व्याज वाढणार हे सर्वांनाच अपेक्षित असते. रोख व्याजही ५० लाखांवरून ६३ लाखांवर गेले आहे, याकडे मात्र लक्ष जात नाही. पाच वर्षांत रोखीत सुमारे २८२ लाख गेले. तेच दहा टक्के मूळ मुद्दलावर मोजले असते तर २५० लाख गेले असते. एका शब्दाच्या फरकाने ३२ लाख रुपये वाढले. याउलट, चक्रवाढ वार्षिकऐवजी तिमाही असती तर अखेरचे मुद्दल ६७३ लाखांच्या आसपास गेले असते, म्हणजे फरक चार लाखांचाच. वाटाघाटीत कशासाठी घासाघीस करावी आणि कशावर पाणी सोडावे, हे असा तक्ता मांडल्यावरच कळते.

संपूर्ण १६ टक्के मुद्दलात मिळवले असते तर पाच वर्षांनी देणे १,०५० लाख झाले असते. मूळ मुद्दल ५०० आणि व्याज ५५०. पश्चिम भारतातील न्यायालयांनी हिंदू कर्जव्यवहारांत मान्य केलेला दामदुपटीचा जुना नियम असा की एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. आजच्या कर्ज-करारात या नियमाच्या भरवशावर राहू नये. पण मोजपट्टी म्हणून तो अजूनही उपयोगी आहे : आपले कर्ज दामदुपटीची रेषा कोणत्या वर्षी ओलांडेल, हे प्रत्येक कर्जदाराला सांगता आले पाहिजे.

तिसरी पायरी : ‘वाचलेल्या’ रोकडीतून कर वजा करणे

या व्याजाची भलामण करताना पहिल्या वर्षी ३० लाखांची रोकड हातात राहते असे सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही, आणि का नाही हे आयकराच्या दोन नियमांत दडले आहे.

पहिला नियम टीडीएसचा. व्याजावरील टीडीएस रक्कम दिली तेव्हा किंवा धनकोच्या खात्यावर जमा दाखवली तेव्हा, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. रक्कम ‘देय व्याज’ किंवा अन्य कोणत्याही नावाच्या खात्यात टाकली तरी सुटका नाही. बँका आणि काही संस्थांना या कपातीतून सूट आहे, पण अनेक वित्तसंस्था व डिबेंचरधारक यांना ती नसते. १० टक्के दराने ३० लाखांवर ३ लाखांचा टीडीएस सरकारजमा करावा लागतो, आणि तो रोखीतच भरायचा असतो. धनकोचे साचलेले व्याज मग २७ लाख धरायचे की ‘ग्रॉस-अप’ कलमाखाली पूर्ण ३० लाख धरून कराचा भार कंपनीने सोसायचा, हे करारावर अवलंबून असते. म्हणून ते कलम सहीपूर्वीच वाचावे.

दुसरा नियम अधिक बोचरा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३ब नुसार बँका, सार्वजनिक वित्तसंस्था आणि ठरावीक बिगर-बँक वित्तसंस्था यांच्या कर्जावरील व्याजाची वजावट ते प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते, आणि थकलेल्या व्याजाचे कर्जात रूपांतर म्हणजे व्याज ‘दिले’ असे मानले जात नाही. व्याजापोटी डिबेंचर दिले तर काय, हा प्रश्न एम. एम. ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता आणि २०२१ मध्ये निकाल करदात्याच्या बाजूने लागला. पण २०२२ च्या वित्त कायद्याने स्पष्टीकरणात दुरुस्ती करून तीही वाट बंद केली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून आपल्या सनदी लेखापालाकडून दोन्ही तरतुदींचे आजचे क्रमांक आणि मजकूर लेखी घ्यावा. धनको या यादीत बसत नसेल, उदाहरणार्थ तो खासगी फंड असेल, तर उत्तर वेगळे येऊ शकते. पहिला प्रश्न म्हणूनच ‘धनको कोण’ हा असतो.

आपल्या उदाहरणातील धनको यादीत बसतो असे धरू. २५.१६८ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला ३० लाखांची वजावट न मिळाल्याने सुमारे साडेसात लाखांचा जादा कर भरावा लागेल. त्यात टीडीएसचे ३ लाख मिळवले तर ‘वाचलेल्या’ ३० लाखांतून प्रत्यक्षात साडेएकोणीस लाखांच्या आसपासच उरतात. वजावट पुढे, प्रत्यक्ष रक्कम देताना मिळेल हे खरे. पण ती वापरण्याइतका नफा त्या वर्षी असावा लागेल.

चौथी पायरी : रोकड प्रवाहाचे पत्रक स्वतः तयार करणे

नफा-तोटा पत्रकात पहिल्या वर्षाचे पूर्ण ८० लाखांचे (५० रोख, ३० साचलेले) व्याज खर्च म्हणून दिसते, त्यामुळे तेथे लपवाछपवी नसते. ताळेबंदात साचलेली रक्कम दीर्घ मुदतीच्या कर्जात मिळवलेली असते किंवा ‘उपार्जित पण अद्याप देय न झालेले व्याज’ या शीर्षकाखाली बसलेली असते. व्याज दिले किती आणि साचले किती, हे एका नजरेत दाखवणारे पत्रक एकच : रोकड प्रवाहाचे.

आणि नेमके तेच पत्रक तयार करण्याचे बंधन छोट्या कंपनीवर नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(४०) नुसार एक व्यक्ती कंपनी, छोटी कंपनी, निष्क्रिय कंपनी आणि स्टार्टअप असलेली खासगी कंपनी यांच्या वित्तीय विवरणांत रोकड प्रवाहाचे पत्रक नसले तरी चालते. सवलत देण्यामागचा हेतू कागदपत्रांचा भार कमी करण्याचा आहे आणि तो योग्यच आहे, परंतु मुद्दलात मिळणारे व्याज असलेल्या कंपनीने ही सवलत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेह्याने साखर तपासण्याची सक्ती नाही म्हणून तपासणीच सोडून देण्यासारखे ते होईल.

पत्रक करताना एक सापळा टाळावा. अप्रत्यक्ष पद्धतीत नफ्यात व्याजखर्च परत मिळवला जातो आणि खाली वित्तीय व्यवहारांत दिलेले व्याज वजा होते. काही संगणकीय प्रणाली तेथे थेट ८० लाख वजा दाखवतात आणि तफावत भरून काढण्यासाठी ३० लाख ‘नवे कर्ज मिळाले’ असे दाखवतात. ते चूक आहे, कारण कोणीही ३० लाख आणून दिलेले नाहीत. वजा दाखवायचे ते ५० लाखच, आणि साचलेले ३० लाख टिपेत स्वतंत्र लिहायचे.

बाहेरच्या व्यक्तीला, म्हणजे पुरवठादाराला किंवा अल्प भागधारकाला, हे पत्रक मिळत नसेल तर दोन ताळेबंद शेजारी ठेवावेत. कर्ज वाढले पण यंत्रसामग्री, साठा आणि येणी त्या प्रमाणात वाढली नाहीत, तर वाढ व्याजाची असण्याची शक्यता मोठी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून तारणाच्या नोंदी पाहता येतात, आणि त्यातील दुरुस्त्यांच्या तारखाही बरेच काही सांगतात.

पाचवी पायरी : प्रत्येक गुणोत्तर दोनदा काढणे

कंपनीचा एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीचा नफा, १२० लाख आहे असे धरू. रोख व्याजाच्या तुलनेत तो पहिल्या वर्षी २.४ पट आहे आणि ऐकायला बरा वाटतो. एकूण व्याजाच्या तुलनेत तो दीडपटच आहे. एबिटा जागच्या जागी राहिला तर पाचव्या वर्षी हीच दोन उत्तरे १.९ आणि १.१९ येतील. बँकेसाठी किंवा भागधारकांसाठी केलेल्या सादरीकरणात पहिलाच आकडा असेल, तर दुसरा मागून घ्यावा.

कर्ज आणि एबिटा यांचे प्रमाण सुरुवातीला ४.१७ आहे, पाचव्या वर्षाअखेर ५.५८ होईल. ते ४.१७ वरच ठेवायचे असेल तर एबिटा दरवर्षी बरोबर ६ टक्क्यांनी, म्हणजे साचणाऱ्या व्याजाच्याच दराने, वाढला पाहिजे आणि पाचव्या वर्षाअखेर १६०.६ लाखांवर पोहोचला पाहिजे. कर्ज घेण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचा सर्वांत उपयुक्त प्रश्न मला हाच वाटतो : केवळ आहे तिथे टिकण्यासाठी माझ्या धंद्याने दरवर्षी इतके वाढायचे आहे, आणि मागील पाच वर्षांत तो तेवढा वाढला आहे का?

एबिटा म्हणजे हातात येणारा पैसा नव्हे, म्हणून हिशेब आणखी एक घर पुढे न्यावा. १२० लाखांतून यंत्रांच्या बदलीसाठी २५ लाख, वाढत्या साठ्या-येण्यांसाठी २० लाख आणि कर ११ लाख वजा केले की ६४ लाख उरतात. त्यातून रोख व्याजाचे ५० आणि टीडीएसचे ३ लाख जाऊन ११ लाख शिल्लक राहतात. एकूण व्याज मात्र ८० लाख आहे. कंपनी आपले व्याज कमावत नाही, त्यातील १६ लाख ती उसने घेते आहे.

पाचव्या वर्षी हे चित्र अधिकच विचित्र होते. घसारा २५ लाख आणि एकूण व्याज १०१ लाख धरले तर पुस्तकात ६ लाखांचा तोटा दिसतो. पण साचलेल्या ३७.९ लाखांची वजावट नाकारल्याने करपात्र उत्पन्न ३१.९ लाख होते आणि तोट्यातील कंपनीला ८ लाखांचा कर भरावा लागतो. सर्व देणी देऊन हाती उरते ते जवळजवळ शून्य. एखादा मोठा ग्राहक दोन महिने उशिरा पैसे देतो, तेवढेही सोसण्याची ऐपत त्या वर्षी राहिलेली नसते.

सहावी पायरी : व्याज का साचते आहे, हे विचारणे

एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळ्या कथा असू शकतात. नवा कारखाना उभारायला अठरा महिने लागणार आहेत, त्या काळात उत्पन्न नाही, म्हणून सुरुवातीलाच ठरवून तेवढ्या काळाचे व्याज मुद्दलात मिळवले आणि उत्पादन सुरू झाल्यावर रोख व्याज चालू झाले, यात गैर काही नाही. शेतकऱ्याचे पीककर्ज सुगीनंतर फेडण्याची अपेक्षा असते, तसाच तो शहाणपणा आहे. दुसऱ्या कथेत रोख व्याज ठरले होते, तीन-चार तिमाही दिले गेले, मग जमेना, आणि पुरवणी करार करून ते मुद्दलात मिळवायचे ठरले. अमेरिकेतील खासगी कर्जाच्या बाजाराचे अभ्यासक या दुसऱ्या प्रकाराकडे संशयाने पाहतात, कारण तो हप्ता चुकल्याचाच सभ्य अवतार असतो.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी तीन तारखा पाहाव्यात : मूळ कराराची, पुरवणी कराराची आणि व्याज साचण्याचे थांबण्याची. तिसरी तारीख करारात नसेल, किंवा ती दोनदा पुढे गेली असेल, तर कथा दुसरी आहे.

येथे धनकोची बाजूही समजून घ्यावी. अमेरिकेत छोट्या व मध्यम कंपन्यांना कर्ज देणाऱ्या ‘बिझनेस डेव्हलपमेंट कंपन्या’ १९८० च्या कायद्याने अस्तित्वात आल्या. करसवलत टिकवण्यासाठी त्यांना करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटावा लागतो. साचलेले व्याज त्यांच्या उत्पन्नात धरले जाते, पण वाटायला लागणारी रोकड मात्र दुसरीकडून आणावी लागते. धनकोच्या संयमाला अशी मर्यादा असते. भारतातील फंडांनाही ठरावीक मुदत असते आणि मुदत संपताना त्यांना गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात. ‘पुढचे पुढे पाहू’ हे फंडाच्या प्रतिनिधीने चहाच्या टेबलावर दिलेले आश्वासन त्या दिवशी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

सातवी पायरी : परतफेडीचा दिवस आजच मांडणे

६६९ लाख एका दिवशी द्यायचे आहेत. ते येतील कोठून? धंद्यातून साठवून, नव्या कर्जातून किंवा कंपनीचा हिस्सा विकून, एवढ्याच वाटा आहेत, आणि पहिली वाट बंद असल्याचे पाचव्या पायरीने दाखवलेच आहे.

विक्रीची वाट तपासू. अशा धंद्याला एबिटाच्या सहापट किंमत मिळेल असे धरले तर ती ७२० लाख होते. कंपनीवर बँकेचे खेळत्या भांडवलाचे १०० लाखांचे कर्जही आहे असे धरू, ते आधी फिटते. कर्ज घेतले त्या दिवशी त्यानंतरचे ५०० लाख वजा करून मालकांच्या वाट्याला १२० लाख उरत होते. पाच वर्षांनी तोच धंदा, तीच किंमत, आणि मालकांचा वाटा वजा ४९ लाख. या काळात एकही हप्ता चुकलेला नाही, पतअहवाल स्वच्छ आहे, कामगारांचे पगार वेळेवर झाले आहेत. कंपनीची मालकी मात्र कोणाच्याही लक्षात न येता धनकोकडे सरकली आहे.

नव्या कर्जाची वाट पाहायची तर नवा धनको वर काढलेली दुसरी गुणोत्तरेच पाहणार आहे. त्याशिवाय प्रवर्तकाने वैयक्तिक हमी दिली असेल, तर ती मूळ ५०० लाखांपुरती आहे की साचलेल्या व्याजासह आहे, हे तपासावे. बहुतेक मसुद्यांत ती ‘सर्व देय रकमांसाठी’ असते. कॉर्पोरेट कर्जदारांच्या वैयक्तिक हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये कायम केले आहे. या संहितेखाली कंपनीविरुद्ध अर्ज करण्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा १ कोटी रुपये आहे. व्याज साचत असताना ‘थकबाकी’ नसते, पण मुदतीच्या दिवशी सारी रक्कम एकदम देय होते आणि ही मर्यादा एका क्षणात ओलांडली जाते.

आठवी पायरी : सहीपूर्वी काय मागावे

सर्व मागण्या मान्य होणार नाहीत, म्हणून त्यांचा क्रम ठरवून जावे. माझ्या मते सर्वांत आधी रोख व्याज मूळ मुद्दलावर मोजण्याची अट मागावी. त्याखालोखाल साचलेला भाग कधीही, दंडाविना, फेडण्याची मुभा मागावी, कारण एखादे वर्ष चांगले गेले तर ती रक्कम उतरवता आली पाहिजे. साचणाऱ्या व्याजाला रकमेची किंवा काळाची कमाल मर्यादा असावी, वैयक्तिक हमी मूळ मुद्दलापुरती असावी आणि साचलेल्या रकमेचे भागभांडवलात रूपांतर करण्याचा हक्क धनकोला एकतर्फी नसावा. ग्रॉस-अप कलमावर सनदी लेखापालाचे लेखी मत घ्यावे. प्रक्रिया शुल्कातील पाव टक्क्यासाठी तासभर वाद घालून ही कलमे न वाचता सही करणारे लोक कमी नाहीत.

दर महिन्याचे काम

कर्ज घेतल्यानंतरही हिशेब चालूच ठेवावा लागतो. लेखा-प्रणालीत त्या कर्जाची दोन खाती उघडावीत : एक मूळ मुद्दलाचे, दुसरे साचलेल्या व्याजाचे. दर महिन्याच्या अखेरीस, देय तारखेची वाट न पाहता, त्या महिन्याचे व्याज दुसऱ्या खात्यावर टाकावे आणि टीडीएसची तरतूद त्याच दिवशी वेगळ्या बँक खात्यात सरकवावी. संचालकांच्या बैठकीत नफ्याच्या आकड्याशेजारी तीन आकडे ठेवावेत : आजपर्यंत साचलेले व्याज, मागील बारा महिन्यांतील एकूण व्याजाशी एबिटाचे प्रमाण, आणि मुदतीला उरलेले महिने. मुदतीला चोवीस महिने उरले की नव्या कर्जाची बोलणी सुरू करावीत, कारण बारा महिन्यांच्या आत आलेले कर्ज ताळेबंदात चालू देण्यांत सरकते, चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता आणि चालू देणी यांचे प्रमाण) त्या एका नोंदीने कोसळते आणि खेळत्या भांडवलाची मर्यादा नूतनीकरणासाठी घेऊन बसलेला बँकेचा अधिकारी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतो.